रिंग अर्धा फूट खाली

६ ऑगस्ट
प्राचार्यांनी बोलावलं. मुलींच्या बास्केटबॉल टीमसोबत बाई माणूस असावं असा विद्यापीठाचा नियम आहे, आणि आमच्या कॉलेजात बाई माणसं चार. एक बाळंतपणाच्या रजेवर, एकीचं पीएचडी चालू (अकरा वर्षं), एकीचा नवरा संस्थेत मेंबर. उरले मी. "मॅडम, तुम्ही पेपरात लिहिता-बिहिता, तुम्हाला माणसांत राहायला आवडतं." माणसांत राहायला आवडत असतं तर घरी बसून लिहिलं कशाला असतं, हे बोलले नाही. पद मिळालं : संघ व्यवस्थापक. वय एकोणपन्नास, गुडघे साठीचे. या खेळातलं मला एवढंच ठाऊक की वरून टाकलेलं सगळं खालून निसटतं, कारण जाळीला तळ नसतो. आपल्या समित्यांसारखं. (शनिवारच्या सदराला वापरता येईल.)

८ ऑगस्ट
मैदानावर गेले. सात मुली. पाच खेळायला, दोन राखीव; त्या दोघींपैकी एक चेंडू अंगावर आला की डोळे मिटते. घुगे सर, क्रीडा संचालक, निवृत्तीला दोन वर्षं, खुर्चीत. शिट्टी गळ्यात, वाजवत नाहीत, दम लागतो.
"मॅडम, यंदा चान्स हाय आपला. ही सारिका बगा फकस्त."
बघितली. बी.ए. दुसरं वर्ष. उंच, लांब हाताची. माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसते आणि वर्षभरात तिथून एक शब्द पुढे आलेला नाही. इथे कुठूनही चेंडू टाकते आणि तो जातो. दहात आठ. मी मोजले. पुन्हा मोजले. आठ.
चेंडू पुढे आणायचं काम तबस्सुमचं. उंचीला कमी, तोंडाला जास्त. मला म्हणाली, "मॅडम, तुमी बस टाळ्या वाजवा, बाकी हम देख लेते."
घरी येऊन गुडघ्याला तेल. बऱ्याच दिवसांनी काहीतरी बरं बघितल्यासारखं वाटलं. असं वाटलं की मी सावध होते. झाले नाही.

१७ ऑगस्ट
सारिका तीन दिवस नाही. घुगे सर म्हणाले, येईल. तबस्सुम म्हणाली, "नाही येणार. उसाला जानेवाली है." मग कळलं ते असं. घरचे सगळे दरसाल दसऱ्यानंतर तोडीला जातात. आईबाप एक कोयता, भाऊ-वहिनी एक कोयता. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. आणि एक कोयता म्हणजे दोन माणसं, एक तोडणारा, एक मोळ्या बांधणारा. यंदा वहिनी पोटुशी, डॉक्टरणीने वाकायचं नाही म्हणून सांगितलंय. म्हणजे भाऊ अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला गाडीत जागा नाही. म्हणून उरलेला अर्धा सारिका.

२१ ऑगस्ट
नेकनूरला उतरून पुढे वडापच्या जीपने सारिकाच्या गावी. सोबत घुगे सर, जे वाटेत दोनदा म्हणाले, "मी बोलतो, तुमी गप बसा," आणि तिथे पोचल्यावर चहा पीत गप बसले. मीच बोलले. शिक्षण, मुलींची प्रगती, उज्ज्वल भवितव्य. पंचवीस वर्षं निरोप समारंभात बोलते ते सगळं. आप्पांनी (तिच्या वडिलांनी) शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले,
"मॅडम, तुमची टीम पाचाची. आमची दोघांची. तुमचा एक गडी कमी पडला तर तुमी हरता. आमचा एक कमी पडला तर आमी जातच न्हाई."
माझ्याकडचं भाषण संपलं होतं. सरांकडे बिस्किट होतं.
बाळू, भाऊ, दारात उभा. विषय त्याच्याच कोयत्याचा. शेवटी सारिकाच बोलली, आतून : "आप्पा, विद्यापीठाच्या टीमात नाव आलं तर?"
आप्पांनी पान-तंबाखूची चंची उघडली.
"आलं तर ऱ्हा. यादी लागू दे, नाव दिसू दे, ऱ्हा. मी बाळूला ऊस भराईच्या गँगला लावतो, पैका कमी, पन तिथं जोडी लागत न्हाई. पन गाडी दारात यायच्या आत. गाडी आल्यावर मला काय बोलू नका."
सौदा झाला. वाटेत घुगे सर : "आला की नाही माझ्या शब्दाला मान?"

२ सप्टेंबर
अंबाजोगाई. तिथल्या एका कॉलेजशी सरावाची मॅच. हरलो म्हणणं सौम्य होईल. ४४–१५. सारिकाने एकोणीस वेळा चेंडू टाकला. दोन गेले. बाकीचे सगळे रिंगच्या अलीकडच्या काठाला लागून परत. एकदा नाही, दोनदा नाही, प्रत्येक वेळी तोच काठ. जसा काही कुणी आतून ढकलतंय. बाकीच्या मुलींचंही तेच. समोरच्या मुली हसायला लागल्या. आमची डोळे मिटणारी रडायला लागली.
सर म्हणाले, प्रवासाचा शीण. मग म्हणाले, सकाळची खिचडी. मग म्हणाले, "नजर लागली." नजर लागली म्हणणारा माणूस बी.पी.एड.
परतीला मांजरसुंब्याला बस चहाला थांबली. ढाब्यावर सारिका माझ्याजवळ येऊन उभी राहिली.
"मॅडम, तिथली रिंग वर हाय."
"सगळीकडे सारखीच असते ना गं?"
"न्हाई. आपल्या इथं उडी मारली की जाळी मनगटापस्तोर येती. तिथं बोटं टेकली फकस्त."
सर हसले. "खेळता येईना, मैदान वाकडं." मीही हसले. आता लिहिताना बरं वाटत नाहीय.

३ सप्टेंबर
तबस्सुमचे अब्बा शिंपी. तिने दुकानातली टेप आणली. साठ इंची. म्हणजे पाच फूट. रिंग दहा फुटावर असते, हे घुगे सरांनीच सांगितलं, म्हणजे बरोबर दोन टेपा. सारिकाने बांबूला टेप बांधली, खूण केली, पुन्हा लावली.
दोन टेपा वजा सहा इंच.
तीन-तीनदा मोजलं. दुसऱ्या बाजूची रिंगही मोजली. तेवढीच. साडेनऊ फूट.
तबस्सुम : "या अल्ला, हम तो बच्चों का गेम खेल रहे थे."
सर खुर्चीत बसून राहिले. मुली पाणी प्यायला गेल्यावर, मला एकटीला : "फेब्रुवारीपासून पोरी एकदम सुधारल्या होत्या मॅडम. मला वाटलं, माझं कोचिंग."
माणसावर इतकी दया मला क्वचित येते.

४ सप्टेंबर
फेब्रुवारीत काय झालं ते सगळ्यांनाच आठवलं. कॉलेज तपासायला समिती येणार होती, म्हणून मैदानावर मुरूम टाकून वर पेव्हर ब्लॉक बसवले. सुंदर, लाल-करडे. मैदान अर्धा फूट वर आलं. खांब जिथे होते तिथेच. सारिका खेळायला लागली तीच मार्चपासून. तिच्या हाताला दुसरी रिंग माहीतच नाही. सहा महिन्यांत नाही म्हटलं तरी हजारो वेळा तिने चुकीचं बरोबर शिकून घेतलं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सत्तावीसला; विद्यापीठाची टीम तिथूनच निवडतात.
प्राचार्यांकडे गेले. त्यांनी ऐकलं, मान डोलावली.
"मॅडम, रिंग खाली नाही गेलेली. जमीन वर आलीय. हा विकास आहे."
रिंग वर घ्या म्हटलं. तर बोर्डावर अध्यक्षांच्या वडिलांचं नाव आहे, थोरल्या साहेबांचं. ते हलवायचं म्हणजे ठराव, परवानगी, छोटासा कार्यक्रम. ब्लॉक काढा म्हटलं. तर त्यांनी फाईल काढली, समितीला दिलेला अहवाल, आणि बोट ठेवून वाचून दाखवलं : "महाविद्यालयाकडे आंतरराष्ट्रीय मापाचे बास्केटबॉल मैदान उपलब्ध आहे."
"आता मापात चूक आहे म्हणून लेखी द्यायचं का? आणि हे वाक्य कुणाचं, तुम्हाला माहिती आहे."
माझं. अहवालाचं मराठी मीच केलं होतं. एका दुपारी, चहा गार होईपर्यंत, चाळीस पानं. मैदान बघितलंही नव्हतं. वाक्य चांगलं जमलं म्हणून ठेवलं.

६ सप्टेंबर
सदर पाठवलं नाही. संपादकांचा फोन. तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं मी.

९ सप्टेंबर
मुलींनी स्वतःच उपाय काढला. रिंग वर जात नाही ना, मग आपण खाली जाऊ. पहाटे बागेतलं टिकाव-फावडं आणून फ्री-थ्रोच्या रेषेवरचे ब्लॉक उपसले, मुरूम काढला. बाजेएवढा खड्डा, अर्धा फूट खोल. कडा अशा नीट की मी विचारलं, कुठे शिकलात. सारिका म्हणाली, "चूल मांडायला शिकलो. तोडीवर कोपीत, पाचटाच्या झोपडीत, दरसाल मांडावी लागती."
आता ती खड्ड्यात उभी राहते आणि चेंडू टाकते. खड्ड्यातून रिंग बरोबर दहा फूट.
दहात एक.
पुन्हा दहा. एक.
सर शिट्टी वाजवतात. पहिल्यांदाच. कशाला ते कळलं नाही, पण बरं वाटलं.

१३ सप्टेंबर
दहात तीन. तिचे खांदे उतरलेत. हात जुन्या सवयीने जातो, तिला तो दर वेळी परत ओढून आणावा लागतो. "मॅडम, हाताला सांगितलं तरी ऐकत न्हाई." मी काय सांगणार. माझाही पंचवीस वर्षं ऐकत नाहीय.

१७ सप्टेंबर
मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन. अध्यक्ष आले, पांढरे, कडक. भाषणात मराठवाड्याने काय काय भोगलं ते अर्धा तास. नंतर गाडीकडे जाताना लोकांना हात करत चालले होते, समोर बघत नव्हते, आणि खड्ड्यात गेले. एक पाय. दोन जणांनी काढलं. पाऊल मुरगळलं, फार नाही.
"ह्यो खड्डा कुणी केला बे?"
दीडशे माणसं उभी. प्राचार्य माझ्याकडे बघतात. घुगे सर झेंड्याकडे बघतात. मी म्हणाले, "क्रीडा विभागाचा उपक्रम आहे."
मागे तबस्सुम फस्सकन हसली आणि तिने ते खोकल्यात बुडवलं.
संध्याकाळच्या आत खड्डा बुजला. ब्लॉक पुन्हा जागच्या जागी. सूचना फलकावर कागद : मैदानाचे विद्रूपीकरण करणाऱ्यांवर. खालच्या ओळी वाचल्या नाहीत. मराठी माझं नव्हतं, शुद्धलेखनावरून कळलं.

२० सप्टेंबर
सात दिवस राहिले. साडेनऊवर सराव करायचा म्हणजे विष पाजायचं. न करायचा म्हणजे उपाशी ठेवायचं. सर म्हणाले, "मनातल्या मनात करा." घुगे सर आता अध्यात्माकडे वळलेत.

२१ सप्टेंबर
आज लिहिण्यासारखं झालं.
सारिकाला न्यायला बाळू आला. वहिनीला शहरात दाखवायला आणलं होतं, एकत्र परत जायचं. वहिनी पायरीवर बसली, हा उभा राहून बहिणीचा खेळ बघत होता. तिने टाकले, गेले, आणि तरी तिचं तोंड पडलेलं. त्याने का म्हणून विचारलं. तबस्सुमने सगळं सांगितलं, हातवारे करून, अध्यक्ष खड्ड्यात कसे गेले तेसुद्धा.
बाळू हसला नाही. खांबाजवळ गेला. वर बघितलं.
"हे क्लॅम्पावर हाय. चार नट."
"परवानगी लागते," सर.
"नटाला?"
मग तो गेटबाहेर लावलेल्या ट्रॅक्टरच्या पेटीतले पान्हे घेऊन आला आणि खांबावर चढला. खालून तीन मुलींनी बांबूने बोर्ड उचलून धरला. नट ढिले, बोर्ड वर, टेप लावून बघितलं, नट आवळले. दुसऱ्या बाजूचंही. सगळं मिळून पाऊण तास. जे प्राचार्य, ठराव, अहवाल आणि मराठी विभाग यांना जमलं नाही.
थोरले साहेब अर्धा फूट उंचावले. संस्थेत कुणाला पत्ता नाही.
उतरल्यावर त्याला म्हणाले, "बाळू, तिचं नाव आलं तर तुझी जोडी मोडते, माहितीय ना?"
हात पुसत म्हणाला, "म्हाईत हाय की. पन मॅडम, हरायचं तर नीट मापावर हरू द्या. मग मला तिला न्यायला बी काय वाटनार न्हाई."
अहवालातलं माझं वाक्य आज खरं झालं, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून.

२८ सप्टेंबर
दोन दिवस स्पर्धा. पहिली मॅच जिंकलो. दुसरी तीन गुणांनी गेली. सारिकाने पहिल्या अर्ध्यात चार टाकले, चारही अलीकडच्या काठाला. मी खाली बघितलं. तबस्सुम तिच्याजवळ जाऊन ओरडली, "ए लंबू, खड्डे में खडी है समझ!"
पुढचे आठ. त्यातले सहा गेले. आवाजही न करता.
निवड समितीचे तिघे. दोघं तिच्याकडे बघत होते, एक चहाकडे. सर म्हणतात दोन मतं पक्की. मी त्या चहावाल्या सदस्याच्या तोंडाकडे बघून काही ठरवू शकले नाही.
यादी आठ दिवसांत.

७ ऑक्टोबर
यादी नाही. फोन केला. "सहीला गेलीय."

१० ऑक्टोबर
फोन. "सही झालीय, शिक्का राहिलाय."

१४ ऑक्टोबर
दसरा झाला. सारिका रोज येते, सराव करते, काही विचारत नाही. ती विचारत नाही हेच अवघड जातं. गावात गाड्या यायला लागल्या म्हणे. फोन. "साहेब गावाला गेलेत, पुढच्या सोमवारी कॉलेजांना पाठवू, फलकावर लावा." मी म्हणाले, नाव आहे का एवढंच सांगा. "मॅडम, गोपनीय असतं." एवढी गुप्तता विद्यापीठाने पेपर सेट करताना पाळली असती तर.

१८ ऑक्टोबर
बाळूचा फोन. गाडी आली. उद्या सकाळी निघायचं. आप्पा शब्दाचे पक्के : यादी नाही, नाव नाही, पोरगी गाडीत. मी म्हणाले, सोमवारपर्यंत, दोनच दिवस. तो म्हणाला, "मुकादम दोन तास बी थांबना." मग जरा थांबून, "मांजरसुंब्याला मात्र थांबतेत सगळे. जेवायला. बारापस्तोर. तवर काय कळलं तर सांगा."

१९ ऑक्टोबर, शनिवार
सकाळपासून विद्यापीठाचा फोन कुणी उचलत नाही. शनिवार. घुगे सरांना म्हणाले, निवड समितीतला कुणी ओळखीचा बघा. त्यांनी त्या चहावाल्या सदस्याला गाठलं. तो म्हणाला, उंच मुलगी आठवते, यादीत तिचं काय झालं ते आठवत नाही.
साडेअकरा. पावणे बारा.
मी काही साधी बाई नाही. पंचवीस वर्षं दर शनिवारी दुसऱ्यांचा खोटेपणा मोजून पेपरात छापते. मापात अर्धा फूट चुकलं तरी सोडत नाही. चुकीच्या अहवालातलं माझं एक वाक्य सोडून, असं लिहिणार होते, पण आजपासून दोन वाक्यं.
बाराला पाच कमी असताना फोन लावला. मागे गाडीचं इंजिन, बायकांचा आवाज, कुणाचं तरी लेकरू रडतंय.
"बाळू, उतरव तिला. यादी लागली. नाव आहे."
त्याने विचारलं :
"मॅडम, तुमी सोताच्या डोळ्यानं बगितलं का?"
"बघितलं."
इंजिन.
"बरं," म्हणाला. "मग मी बी बगितलं असं सांगतो आप्पाला. फोनमधी."
आणि ठेवला.
चारच्या बसने सारिका आली. पिशवी, चेंडू नाही, डोक्याला अजून कोयत्याच्या कामाचा फडका बांधलेला. दारात उभी. हॉस्टेल सोमवारी उघडेल तोवर माझ्याकडे राहील असं ठरवलंय. आत ये म्हणाले. तिने यादी विचारली नाही. जेवताना एकदाच म्हणाली, "आप्पा उतरून हात जोडत हुते फोनला. तुमाला दिसलं नसंल."

२० ऑक्टोबर
रविवार. गाडी आता कुठवर असेल. ती सकाळी सहालाच मैदानावर गेली. मी मैदानामागच्या माझ्या घराच्या खिडकीत बसून पेव्हर ब्लॉकवर चेंडू आपटलेला ऐकला, नऊपर्यंत. नऊला परत आली, पाणी प्यायली.
"दहात सात," म्हणाली. "नीट मापाच्या रिंगवर."
मग तांब्या खाली ठेवून : "मॅडम, यादी लागलीच न्हाई ना अजून?"
मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.
"दादानं सांगितलं बसमधी बसवताना. मनला, मॅडमला इचारू नको, त्यास्नी लई वाईट वाटंल."
संपादकांचा मेसेज : सदर पुन्हा कधी? विषय भरपूर असतील.
आहे एक.

२१ ऑक्टोबर, सोमवार
यादी अकराला कॉलेजच्या फलकावर लागणार. आता साडेदहा. सारिका, तबस्सुम आणि घुगे सर पुढे गेलेत, सर तर धावत. नाव नसेल तर काय करायचं, ते ठरवलेलं नाही. आंतरराष्ट्रीय मापाचं ते वाक्य लिहिताना तरी कुठे ठरवलं होतं. चप्पल सापडत नाहीय. गुडघा. निघते.